हप्ता तोच राहिला, म्हणून खूश होऊ नका

मे 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने वेळापत्रकाबाहेरची बैठक घेऊन रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने थोड्या काळासाठी पैसे देते तो दर, 4 टक्क्यांवरून 4.40 टक्क्यांवर नेला. फेब्रुवारी 2023 उजाडेपर्यंत तो 6.50 झाला होता. त्या नऊ महिन्यांत बँकांच्या काउंटरवर एक संवाद नेहमीचा होऊन बसला. "साहेब, व्याज वाढलंय म्हणे. माझा हप्ता किती झाला?" "काका, तुमचा हप्ता होता तेवढाच आहे. टेन्शन घेऊ नका." काका समाधानाने घरी जायचे.

साहेब खोटं बोलत नव्हते. पण पूर्ण खरंही सांगत नव्हते. कागद-पेन्सिल घ्या, हिशेब करून बघू.

समजा कर्ज 40 लाखांचं, मुदत 20 वर्षं, दर 7 टक्के. हप्ता येतो 31,012 रुपये. वर्षभर एकही हप्ता न चुकवता भरलात तर बाकी उरते साधारण 39 लाख 5 हजार. आता दर अडीच टक्क्यांनी चढून साडेनऊ झाला असं धरा. (प्रत्यक्षात तो पायरी-पायरीने चढला, इथे गणित सोपं व्हावं म्हणून एकदम चढवतो.) उरलेल्या बाकीवर एका महिन्याचं व्याज होतं 30,913 रुपये. तुमचा हप्ता तोच, 31,012. म्हणजे मुद्दलात जमा झाले 99 रुपये. एकतीस हजार खात्यातून गेले आणि कर्ज कमी झालं एका थाळीच्याही किमतीने नाही. या गतीने ते कर्ज फिटायला साठ वर्षांच्या वर लागतात.

अर्थात कुठलीही बँक साठ वर्षं थांबत नाही. ती कर्जदाराच्या वयाच्या मर्यादेपर्यंत मुदत ताणते आणि मग हप्ता वाढवते. मूळ मुदतीतच कर्ज संपवायचं ठरवलं असतं, तर हप्ता 37,050 च्या आसपास न्यावा लागला असता, म्हणजे महिन्याला सहा हजार जास्त. ते सहा हजार टळले असं काकांना वाटलं. ते टळले नव्हते, फक्त पुढे ढकलले गेले होते, आणि तेही निवृत्तीनंतरच्या वर्षांमध्ये.

हे असं का होतं, ते समजायचं तर कर्ज देणारी संस्था स्वतःला व्याजदराच्या चढउतारापासून कशी वाचवते, ते आधी पाहायला हवं. हा विषय ट्रेझरीतल्या लोकांचा, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून सोडून देऊ नका. त्या साऱ्या व्यवस्थेत तुमची जागा ठरलेली आहे, आणि ती कुठे आहे हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं.

बँकेचा मूळ पेच साधा आहे. ती वीस-पंचवीस वर्षांसाठी पैसे देते आणि ते एक-दोन-तीन वर्षांच्या एफडीतून आणि बचत खात्यांतून उभे करते. कर्जाचा दर वीस वर्षांसाठी बांधून दिला आणि मध्येच ठेवींचे दर वर गेले, तर येणं तेवढंच राहून देणं वाढतं. अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथल्या सेव्हिंग्ज अँड लोन संस्था तीस वर्षांच्या बांधीव दराने घरकर्जं देत आणि पैसा उभा करत अल्प मुदतीच्या ठेवींतून. 1979 नंतर पॉल व्होल्कर प्रमुख असलेल्या फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, महागाई मोडण्यासाठी दर जवळजवळ 20 टक्क्यांपर्यंत जाऊ दिले. पाच-सहा टक्क्यांनी दिलेली जुनी कर्जं छातीवर आणि ठेवीदाराला दुहेरी आकडी व्याज, अशा कात्रीत त्या संस्था सापडल्या. त्यातून बाहेर पडायला त्यांनी जे धाडसी धंदे केले, त्यांनी उरलंसुरलंही बुडवलं. 1986 ते 1995 या काळात हजाराहून अधिक संस्था बंद पडल्या आणि करदात्यांच्या खिशातून सव्वाशे अब्ज डॉलरच्या आसपास गेले.

हा इतिहास जुना झाला असं समजू नका. सॅन फ्रान्सिस्कोची फर्स्ट रिपब्लिक बँक खात्यापित्या ग्राहकांना अगदी स्वस्त, दीर्घकाळ बांधीव दराची मोठी घरकर्जं द्यायची. कर्जदार उत्तम होते, हप्ते वेळेवर येत होते. पण 2022 मध्ये दर चढले, ठेवीदार जास्त व्याजाच्या शोधात निघाले, पुढच्या वर्षी मार्चमध्ये सिलिकॉन व्हॅली बँक कोसळल्यावर त्यांची घाई झाली, आणि 1 मे 2023 ला फर्स्ट रिपब्लिक नियंत्रकांनी ताब्यात घेऊन जेपी मॉर्गन चेसला विकली. एकही कर्ज न बुडता बँक बुडू शकते, ती अशी.

म्हणून कर्ज देणारे सावध असतात, आणि सावध राहण्याच्या त्यांच्या रीती देशागणिक वेगळ्या आहेत. अमेरिकेत आज घरकर्ज देणारा ते कर्ज सहसा आपल्याजवळ ठेवतच नाही. फॅनी मे, फ्रेडी मॅक या सरकारी पाठबळाच्या संस्थांमार्फत त्याचे रोखे बनतात आणि दराचा धोका गुंतवणूकदारांकडे जातो. मधल्या काळाचा धोका उरतो. अर्जदाराला आज दर पक्का करून दिला आणि कर्ज दीड-दोन महिन्यांनी वाटायचं, तर त्या अवधीत दर चढले की नुकसान. त्यासाठी कर्ज हातात येण्याआधीच त्याचे रोखे पुढच्या तारखेला आजच्या भावाने विकून ठेवतात. यातही गोम आहेच. दर उतरले तर निम्मे अर्जदार दुसरीकडे पळतील, मग विकून ठेवलेला माल आणायचा कुठून? त्यामुळे किती अर्जदार टिकतील याचा अंदाज बांधणं हा तिथे स्वतंत्र धंदा झालेला आहे. डेन्मार्कची पद्धत त्याहून जुनी आणि माझ्या मते अधिक सरळ. 1795 मध्ये कोपनहेगनला मोठी आग लागली, शहर पुन्हा बांधायला पैसा हवा होता, त्यातून 1797 मध्ये तिथली पहिली घरकर्ज संस्था निघाली. प्रत्येक कर्जाच्या मागे तितक्याच मुदतीचा, तशाच अटींचा रोखा विकायचा, हा तिथला नियम. कर्ज आणि त्याचा पैसा एकाच मापाचे, त्यामुळे दर कुठेही जावोत, संस्थेला फरक पडत नाही.

न्यू जर्सीतला किंवा बे एरियातला तुमचा भाचा फोनवर म्हणत असेल, "मामा, आमचा दर तीस वर्षं हलतच नाही," तर ते खरं आहे. जानेवारी 2021 मध्ये ज्याने पावणेतीन टक्क्यांच्या आसपास कर्ज घेतलं, तो ऑक्टोबर 2023 मध्ये नव्या कर्जाचा दर पावणेआठवर गेला तरी पावणेतीननेच भरत होता. दर उतरले असते तर जुनं कर्ज फेडून नवं घ्यायची मुभाही त्यालाच. चढ पैसे लावणाऱ्याच्या वाट्याला, उतार ग्राहकाच्या. हे ऐकून हेवा वाटेल, पण त्या सोयीची किंमत सुरुवातीच्या दरातच घातलेली असते.

आता आपल्याकडे या.

भारतातली बँक हेच सगळं करू शकते. रिझर्व्ह बँकेने 1999 मध्ये व्याजदराचे स्वॅप करायला परवानगी दिली. स्वॅपमध्ये मुद्दल हलत नाही. दोन पक्ष फक्त व्याजाची अदलाबदल करतात. एक जण ठरलेला दर देतो, दुसरा बाजारात रोज ठरणारा रात्रभराचा दर देतो, आणि फरकाची रक्कम चुकती होते. बांधीव दराने कर्ज दिलेली बँक अशा सौद्यात बांधीव दर देते आणि हलता दर घेते. दर चढले, ठेवी महागल्या, की स्वॅपमधून येणारी रक्कमही चढते आणि भोक बुजतं. हे सौदे पुरे करण्याचं मोठं काम मुंबईतलं क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया करतं. पण आपल्या या बाजारात खरी उलाढाल पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीत. वीस वर्षांसाठी दर बांधून द्यायला समोर कुणी उभं राहत नाही. म्हणूनच वीस वर्षांचं खरंखुरं बांधीव कर्ज आपल्याकडे क्वचित मिळतं, आणि मिळालं तरी महाग मिळतं.

बाकीचे मार्गही आहेत. 2014 पासून बँकांना परवडणाऱ्या घरांसाठी किमान सात वर्षं मुदतीचे रोखे काढता येतात, त्यांच्यावर सीआरआर-एसएलआरचं, म्हणजे पैशाचा काही हिस्सा बाजूला राखून ठेवण्याचं, बंधन नसतं. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना राष्ट्रीय आवास बँकेकडून पुनर्वित्त मिळतं. घरकर्जांचे रोखे करून विकण्याची सुरुवात तर आपल्याकडे 2000 सालीच झाली, पण ती वाट अजून अरुंदच आहे.

मग एवढी लाखो घरकर्जं सांभाळली जातात कशी? तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पक्का उपाय वापरून. तो उपाय म्हणजे तुम्ही.

बँकेच्या मुख्यालयात मालमत्ता आणि देणी यांची सांगड घालणारी एक समिती असते, तिला अल्को म्हणतात. तिच्यापुढे दर महिन्याला एक तक्ता येतो. त्यात कप्पे असतात: 28 दिवसांपर्यंत, तीन महिन्यांपर्यंत, सहा महिन्यांपर्यंत, वर्षापर्यंत, असं करत पाच वर्षांच्या पुढे. प्रत्येक ठेव आणि प्रत्येक कर्ज यांतल्या कुठल्या तरी कप्प्यात बसवायचं. नियम असा, की मुदत कधी संपते ते पाहायचं नाही. दर पुढे कधी बदलणार ते पाहायचं. तुमचं रेपोशी जोडलेलं कर्ज जास्तीत जास्त तीन महिन्यांनी रीसेट होतं. म्हणून तुम्ही ज्याला वीस वर्षांचं कर्ज म्हणता, ते त्या तक्त्यात तीन महिन्यांच्या कप्प्यात जाऊन बसतं. दर चढला की तीन महिन्यांच्या आत तुमच्याकडून जास्त व्याज यायला लागतं. त्या बाजूने बँकेला स्वॅपची गरज नाही आणि रोखे विकायचीही नाही.

यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. दर उतरले की फायदाही तुम्हाला मिळायला हवा, हा त्या कराराचा दुसरा भाग आहे. अडचण अशी, की पहिला भाग आपोआप घडतो आणि दुसरा बरेचदा मागून घ्यावा लागतो.

याचा पुरावा रिझर्व्ह बँकेच्याच कागदात आहे. कर्जाचा दर ज्या मूळ दरावर बेततात, तो 2003 मध्ये बीपीएलआर नावाने आला, जुलै 2010 मध्ये बेस रेट, एप्रिल 2016 मध्ये एमसीएलआर. हे तिन्ही दर बँक स्वतःच्या हिशेबाने ठरवायची. 2017 मध्ये डॉ. जनक राज यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने स्पष्ट लिहिलं, की बँका या हिशेबात मनाला येतील तसे फेरफार करतात आणि दरकपातीचा लाभ ग्राहकापर्यंत नीट पोचत नाही. मुंबईच्या मनीलाइफ फाउंडेशनने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. शेवटी 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांच्या नव्या फ्लोटिंग, म्हणजे हलत्या दराच्या, घरकर्जांना बाहेरच्या मानकाशी, बहुतेक ठिकाणी रेपोशी, जोडणं सक्तीचं झालं.

पण जुनी कर्जं जुन्याच मानकावर राहिली. 2012 किंवा 2017 मध्ये कर्ज घेऊन तेव्हापासून शाखेकडे फिरकला नसाल, तर तुमचं कर्ज आजही बेस रेटवर किंवा एमसीएलआरवर असण्याची शक्यता आहे. शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलाने परवा घेतलेल्या कर्जाचा दर तुमच्यापेक्षा कमी असेल, आणि बँकेच्या दृष्टीने तुम्ही अत्यंत आवडते ग्राहक असाल. नियम तुमच्या बाजूने आहे. ज्याला दंडाशिवाय मुदतपूर्व फेड करता येते, त्या कर्जदाराला बाहेरच्या मानकावर जाताना रास्त प्रशासकीय आणि कायदेशीर खर्चाखेरीज शुल्क लावता येत नाही, आणि बदलानंतरचा दर तशाच नव्या कर्जाइतका असायला हवा. मात्र त्यासाठी अर्ज तुम्ही करायचा. बँक घरी पत्र पाठवून बोलवणार नाही.

रेपोवर असलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. तुमचा दर म्हणजे रेपो आणि त्यावर बँकेने लावलेला स्प्रेड. रेपोवर बँकेचा हात नाही, तिचा सगळा खेळ स्प्रेडमध्ये. फेब्रुवारी ते डिसेंबर 2025 मध्ये रेपो 6.50 वरून 5.25 वर आला. अशा उतरत्या काळात बँकेची उलटी पंचाईत होते. कर्जाचे दर तीन महिन्यांत खाली येतात, पण सात-साडेसात टक्क्यांनी घेतलेली एफडी मुदत संपेपर्यंत त्याच दराने पोसावी लागते. मग बँक उलट दिशेचा स्वॅप करते, बांधीव दर घेते आणि हलता देते. नव्या एफडीचे दर उतरवते. बचत खात्याचा दर मोठ्या बँकांनी त्या वर्षी अडीच टक्क्यांवर आणला, तो यातूनच. आणि नवं कर्ज देताना स्प्रेड थोडा जाड ठेवते. एकदा लागलेल्या स्प्रेडमधले कर्जजोखमीखेरीजचे घटक तीन वर्षं वाढवता येत नाहीत. कमी करायला मात्र ऑक्टोबर 2025 पासून तीन वर्षं थांबायची गरज उरलेली नाही; ग्राहक टिकवायला बँक आधीही स्प्रेड उतरवू शकते. "आमच्या हातात नाही हो, सिस्टिममधूनच येतं," असं कुणी म्हणालं, तर त्यांना या नियमाची आठवण करून द्या.

इथे थोडं थांबून आपल्याच घराकडे बघा. मुलाच्या नावावर 45 लाखांचं कर्ज, वडिलांच्या नावावर 15 लाखांची एफडी, दोन्ही एकाच बँकेत. दर चढले की मुलगा वैतागतो आणि वडील खूश. उतरले की उलटं. बँक ज्या दोन बाजूंची सांगड घालायला समिती बसवते, त्या दोन्ही बाजू या एका घरात आहेत, आणि त्यांचा एकत्र हिशेब कधी मांडलेलाच नाही. एफडीवर साडेसहा मिळतात, त्यावर करही भरायचा, आणि कर्जावर आठ द्यायचे. मधला दीड टक्क्याचा फरक दर वर्षी बँकेला जातो. वडिलांची म्हातारपणाची पुंजी कर्जात ओता, असं मी मुळीच सांगणार नाही. तो पैसा त्यांचा, आजारपणासाठी तो हाताशी हवाच. पण मुलाच्या स्वतःच्या नावावर "असू दे अडीअडचणीला" म्हणून पडलेले सात-आठ लाख असतील, तर सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवून उरलेले कर्जात भरा. हात मोकळा ठेवायचा असेल, तर ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं घरकर्ज असतं. त्यात जास्तीचे पैसे ठेवले की तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि गरजेला काढताही येतात. त्याचा दर थोडा जास्त असतो, म्हणून खरोखर पैसे ठेवणार असाल तरच त्या वाटेला जा. आणि "कर्ज फेडलं तर टॅक्सची सूट जाईल" हे वाक्य म्हणण्याआधी तुम्ही कुठल्या करप्रणालीत आहात ते बघा. नव्या प्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर सूटच नाही.

आता मुख्य मागणं. हप्ता की मुदत, हा निर्णय बँकेवर सोडू नका.

18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने हा हक्क तुम्हाला दिला आहे. दर वाढला तर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराने निवडायचं. मुदत ताणल्यामुळे व्याजसुद्धा भागणार नाही आणि मुद्दल वाढत जाईल, अशी स्थिती येऊ द्यायची नाही. आणि दर तिमाहीला बँकेने विवरण द्यायचं: आजवर मुद्दल किती फिटलं, व्याज किती गेलं, हप्ता किती, उरलेले हप्ते किती, वार्षिक दर किती. जुन्या कर्जांनाही हे 2023 अखेरपासून लागू झालं. ते विवरण तुमच्या ई-मेलमध्ये किंवा बँकेच्या अ‍ॅपमध्ये पडलेलं असेल. आज संध्याकाळी उघडा. त्यातला "उरलेले हप्ते" हा आकडा सँक्शन लेटरमधल्या मूळ मुदतीशी ताडून बघा. दहा वर्षं फेडल्यावरही 160-170 हप्ते दिसत असतील, तर 2022-23 मध्ये तुमच्या बाबतीत काय झालं ते कळेल.

दर चढताना झेपेल तेवढा हप्ता वाढवून घ्या. सहा हजार झेपत नसतील तर तीन हजार वाढवा. दर उतरताना उलट करा, म्हणजे हप्ता कमी करून घेऊ नका. हिशेब बघा. 40 लाख, 20 वर्षं, साडेआठ टक्क्यांना हप्ता 34,713. दर सव्वासात झाला तर हप्ता 31,615 वर येऊ शकतो, महिन्याला तीन हजार सुटतात. तेच, हप्ता 34,713 ठेवलात तर कर्ज 240 ऐवजी 198 महिन्यांत संपतं आणि एकूण भरणा सात लाखांहून जास्त कमी होतो. घरात ओढाताण असेल, मुलीची फी थकली असेल, तर खुशाल हप्ता कमी करून घ्या, त्यात गैर काही नाही. पण ओढाताण नसताना ते तीन हजार कुठे जातात, ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

फ्लोटिंग दराच्या घरकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना 2012 पासून घेता येत नाही. तेव्हा बोनस, एलआयसीची मॅच्युरिटी, गावाकडच्या जमिनीचा वाटा, जे येईल त्यातून पार्ट पेमेंट करा, आणि करताना लेखी सांगा, की मुदत कमी करा. न सांगितल्यास काही ठिकाणी हप्ता कमी केला जातो.

नवं कर्ज काढणाऱ्यांना एकच सांगेन. बँका दर अचानक दोन-अडीच टक्क्यांनी हलला तर आपलं काय होईल, याची परीक्षा स्वतःची घेतात. तुम्हीही घ्या. बँक म्हणते 55 लाख मिळतील, म्हणून 55 घेऊ नका. आजच्या दरात अडीच टक्के मिळवून हप्ता काढा. त्यातही घर चालत असेल तर घ्या. 2020 मध्ये चार टक्क्यांच्या रेपोवर घर घेणाऱ्या कित्येकांना तीन वर्षांत तो साडेसहा होईल असं वाटलं नव्हतं. हप्त्याचा आकडा तुमच्या हातात देणाऱ्या एजंटाने आजचा दर वीस वर्षं तसाच राहील, असं गृहीत धरलेलं असतं.

"फिक्स्ड" या शब्दावरही जाऊ नका. किती वर्षं फिक्स्ड, ते विचारा. बरीच कर्जं पहिली दोन-तीन वर्षं बांधीव आणि मग फ्लोटिंग असतात. काही करारांत असं कलम असतं, की पैशाच्या बाजारात असाधारण परिस्थिती उद्भवल्यास बँक दर बदलू शकेल. ते कलम असलेलं फिक्स्ड कर्ज घेऊन तुम्ही जास्त दर देता आणि धोकाही तुमच्याकडेच ठेवता. मधेच फिक्स्डवर जाण्याची सोय देणं आता बँकेच्या मर्जीवर आहे, आणि फिक्स्ड कर्ज मुदतीआधी फेडताना दंड लागू शकतो. तेही आधी वाचून घ्या.

नागरी सहकारी बँकेकडून किंवा हाउसिंग फायनान्स कंपनीकडून कर्ज असेल, तर रेपोशी जोडणीची सक्ती तिथे नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या मूळ दरावर चालतो. तो उतरवताना हात आखडतो, आणि जुन्या ग्राहकाला नव्याच्या दरावर यायला कन्व्हर्जन फी मागितली जाते. ती भरणं पुष्कळदा परवडतं. एकदाच दहा-वीस हजार भरून अर्धा-पाऊण टक्का कमी होत असेल आणि कर्ज अजून बारा-पंधरा वर्षांचं असेल, तर विचार कसला करायचा? आधी दुसऱ्या बँकेचं बॅलन्स ट्रान्सफरचं लेखी ऑफर लेटर आणा आणि मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवा. पुष्कळदा तिथेच काम होतं. नाही झालं तर खरंच जा. प्रोसेसिंग फी आणि गहाणखताचा खर्च मात्र आधी जोडून बघा.

अर्जाला वकील लागत नाही. साध्या कागदावर लिहा: "माझ्या घरकर्ज खात्याचा आजचा व्याजदर, त्यातला मूळ दर आणि स्प्रेड वेगवेगळा कळवावा. उरलेले हप्ते आणि कर्ज संपण्याची तारीख कळवावी. कर्ज जुन्या मानकावर असल्यास रेपोवर वर्ग करावं. नव्या ग्राहकांना लागू असलेल्या स्प्रेडचा लाभ मिळावा. दर बदलेल तेव्हा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. मुदत वाढवण्यापूर्वी माझी लेखी संमती घ्यावी." खाली सही, तारीख, खाते क्रमांक. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का मारून पोच घ्या. ई-मेल केलात तरी चालेल, पण शाखेला आणि बँकेच्या तक्रार निवारण विभागाला, दोन्हीकडे पाठवा.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला पैसे पडत नाहीत, माहितीसाठी 14448 वर फोन करता येतो. हाउसिंग फायनान्स कंपनीची तक्रार मात्र राष्ट्रीय आवास बँकेकडे करायची. दोन्हीकडे सगळ्यात आधी मागतात ती त्या अर्जाची पोच, म्हणून शिक्क्याची ती प्रत सँक्शन लेटरच्याच फाइलमध्ये लावून ठेवा.